जून महिना मुख्याध्यापकांना वर्गासाठी मोकळा द्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी संपत आली की राज्यातील मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर नव्या शैक्षणिक वर्षाच्या सूचना येऊ लागतात. पटनोंदणी, प्रवेशोत्सव, पाठ्यपुस्तकांचे आणि गणवेशांचे वाटप, शाळांच्या माहितीच्या यू-डायस प्लस पोर्टलवरील नोंदी, आधार पडताळणी, ‘अपार’ हा प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, पोषण आहाराचे अ‍ॅप, परसबाग, वृक्षलागवड, सुरक्षेच्या समित्या, वाचन-गणिताचे निपुण महाराष्ट्र अभियान अशी ही यादी दरवर्षी लांबत चालली आहे आणि तिच्यातील जवळपास प्रत्येक बाब ‘सर्वोच्च प्राधान्याची’ असते. यांतील एखादा विषय निरर्थक आहे, असे मला म्हणायचे नाही. परंतु पहिल्या महिन्यात मुख्याध्यापकाने आधी काय करावे आणि काय खुशाल मागे ठेवावे, हे सांगण्याची जबाबदारी शिक्षण विभागाने कधी घेतलेली नाही आणि त्यामुळे जूनमध्ये मुख्याध्यापक ज्या एका ठिकाणी असायला हवा, त्या वर्गात तो सापडत नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात शिक्षक, मुख्याध्यापक आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख करणारा अधिकारी, म्हणून माझी नोकरी झाली. परिपत्रक घेणारा आणि परिपत्रक पुढे पाठवणारा अशा दोन्ही खुर्च्यांवर मी बसलो आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

शहरातील वाचकांच्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापक म्हटले की स्वतंत्र दालन, दारावर नावाची पाटी आणि हाताशी लिपिक असे चित्र येते. मोठ्या माध्यमिक शाळांत ते खरेही आहे. पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट दीडशेच्या वर गेल्यावर. डोंगरी भागातील वाडीवस्तीच्या शाळांचा पट त्याच्या जवळपासही जात नाही. तिथे दोन शिक्षक असतात आणि त्यांतील ज्येष्ठ शिक्षकाकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार असतो. त्याच्याकडे पहिली-दुसरी किंवा तिसरी-चौथी असे जोडवर्गही असतात. शाळेचे कार्यालय म्हणजे त्याच वर्गाच्या कोपऱ्यातील टेबल आणि लोखंडी कपाट. वरून आलेली प्रत्येक सूचना ‘मुख्याध्यापकांनी तातडीने कार्यवाही करावी’ अशी संपते, तेव्हा प्रत्यक्षात एका वर्गाच्या शिक्षकाला फळ्यापासून उठवून टेबलाशी नेले जात असते, हे वरच्या कचेरीत बसलेल्यांच्या ध्यानात राहत नाही. शालेय नेतृत्व विकसनाची प्रशिक्षणेही बहुधा स्वतंत्र मुख्याध्यापक गृहीत धरून आखली जातात. त्यांत शिकवलेले वर्गनिरीक्षण आणि सहकाऱ्यांना मार्गदर्शन या गोष्टी उत्तमच आहेत, पण स्वतःचे दोन वर्ग सांभाळणाऱ्या माणसाने त्या कोणत्या तासाला कराव्यात, याचे उत्तर मला तरी प्रशिक्षणाच्या एकाही पुस्तिकेत मिळाले नाही.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते (विदर्भात उन्हामुळे आठ-पंधरा दिवस उशिरा). पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो, आठवडाभरात २१ जूनचा योग दिन, २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती, मग वृक्षारोपण आणि त्यामागोमाग आषाढीची बालदिंडी. मुलांना हे सगळे आवडते आणि आवडावे. अडचण कार्यक्रमांची नाही, त्यांच्या पुराव्यांची आहे. प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो काढायचे, ते लिंकवर चढवायचे, सहभागी मुलामुलींची वेगवेगळी संख्या दुसऱ्या तक्त्यात भरायची, तोच तक्ता केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा आणि दुपारी ‘अद्याप माहिती न भरलेल्या शाळा’ या यादीत आपले नाव तर नाही ना, हे पाहायचे. कोयनेच्या खोऱ्यात अनेक वाड्यांवर मोबाइलला धड रेंज नसते. पावसात छत्री धरून शाळेमागच्या टेकाडावर जाऊन खिचडीच्या ताटांचा आकडा अ‍ॅपवर भरणारे गुरुजी मी पाहिले आहेत. ते खाली उतरेपर्यंत वर्ग चौथीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीच्या हवाली असतो.

पहिल्या पंधरवड्यात खरोखर काय व्हायला हवे? माझ्या मते, शाळेतील प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून त्याचे वाचन ऐकणे आणि त्याला चार गणिते तोंडी घालणे, हे मुख्याध्यापकाचे पहिले काम आहे. याला चाचणीचा कागद लागत नाही. एक ओळखीचा आणि एक अनोळखी उतारा पुरतो. मूल अक्षरावर अडते, शब्दावर अडते, वाक्य सुटे सुटे वाचते की परिच्छेद समजून वाचते, हे पाच मिनिटांत कळते. चौथीत गेलेला एखादा मुलगा ‘घर’, ‘गवत’, ‘पाऊस’ झरझर वाचतो आणि ‘प्रकाश’, ‘विद्यार्थी’ आले की थबकतो. पुढचे वाक्य तो वाचत नाही, पहिल्या अक्षरावरून अंदाजाने म्हणतो. वर्गात सगळे एका सुरात वाचतात तेव्हा हा मुलगा कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण त्याचा आवाज सर्वांत मोठा असतो. त्याला जोडाक्षरांचा पंधरा दिवसांचा सराव हवा आहे आणि तो जूनमध्ये मिळाला नाही तर पाचवीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक त्याच्यासाठी बंदच राहणार आहे. सुट्टीच्या दीड महिन्यात किती मुले मागे सरकतात, हे दुसरीच्या वर्गात जूनमध्ये बसलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

जुलै-ऑगस्टमध्ये राज्य पातळीवरून पायाभूत चाचणी येते, मग हा वेगळा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पायाभूत चाचणीचे गुण ऑनलाइन भरावे लागतात आणि त्यांचा उपयोग जिल्ह्याचे चित्र पाहण्यासाठी होतो. तो उपयोग मला मान्य आहे. पण लेखी उत्तरपत्रिकेत दहापैकी चार गुण मिळालेल्या मुलाला प्रश्न वाचता आला नाही की वाचता येऊनही उत्तर आले नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी मुलाजवळ बसावेच लागते. आणि जिथे मुख्याध्यापक स्वतः हे ऐकायला बसतो, तिथे दुसरे शिक्षकही बसतात, असा माझा अनुभव आहे.

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हा तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत अंकगणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे ठरले होते. ते वर्ष आता दारात आहे. शेवटच्या वर्षात आढावा बैठकांचा, तक्त्यांचा आणि ‘शाळा निपुण झाल्याच्या’ घोषणांचा हंगाम येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा विभागाला एकच विनंती आहे, की मुख्याध्यापकाला टक्केवारी विचारू नका, मुलांची नावे विचारा. ‘तुमच्या शाळेत अजून वाचू न शकणारी मुले कोणती आणि त्यांच्यासाठी कोण, केव्हा बसते?’ या प्रश्नाला खोटे उत्तर देणे अवघड असते. टक्केवारीचे तसे नसते.

आता आधारविषयी, कारण जूनमधील सर्वाधिक वेळ तिथे जातो. जनरल रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवरील नोंदीशी तंतोतंत जुळले तर विद्यार्थी पोर्टलवर वैध ठरतो. जुळले नाही तर पुढच्या सगळ्या गोष्टी अडतात. अपार क्रमांकही अडतो आणि पटाचा प्रश्नही उभा राहतो. संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार याचा हिशेब ३० सप्टेंबरच्या पटावर होतो, म्हणून एकेका मुलाची नोंद वैध होणे ही छोट्या शाळेत शिक्षक टिकण्या-न टिकण्याची बाब असते. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष अधिक कडक केल्यापासून तर मुख्याध्यापकांची झोपच उडाली आहे. आता गावातील वस्तुस्थिती पाहा. आधारवर आईने मुलाचे घरातले नाव सांगितलेले असते, रजिस्टरला कागदोपत्री नाव असते. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारला बोटांचे ठसे नसतात, ते पाचव्या वर्षानंतर अद्ययावत करावे लागतात आणि पुन्हा पंधराव्या वर्षी. दुरुस्तीचे केंद्र तालुक्याच्या गावी, एसटी दिवसातून दोनदा, आणि आईने भाताच्या लावणीची मजुरी बुडवून मुलाला घेऊन जायचे. बऱ्याचदा शेवटी गुरुजीच चार मुलांना घेऊन जातात. त्या दिवशी शाळेवर एकच शिक्षक उरतो आणि पाचही वर्ग त्याच्याकडे.

ही दुरुस्ती शाळेने का करावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. शाळांच्या प्रत्येक केंद्रावर जून-जुलैत दोन दिवस आधार संच आणि तो चालवणारा माणूस आणून बसवला, तर महिनाभराचे काम दोन दिवसांत होते. ज्या तालुक्यांत गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन अशी शिबिरे लावली, तिथे झालेही आहे. हे एखाद्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर का सोडावे?

यासोबत एक गोष्ट मुख्याध्यापकांनाही सांगितली पाहिजे. कागद जुळत नाहीत म्हणून मूल दाराबाहेर ठेवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणाने प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. आमच्याकडील अनेक कुटुंबे मुंबईत कामाला असतात. एखाद्या वर्षी तिथले बस्तान मोडते आणि जूनमध्ये आई दोन मुलांना घेऊन गावी परतते. दाखला मुंबईच्या शाळेत, पुस्तके कोणाच्या तरी खोलीवर. अशा मुलाला ‘आधी दाखला आणा’ म्हणून परत पाठवणारी शाळा नियमाच्या नावाखाली नियमच मोडत असते. मूल आधी वर्गात बसवावे, दाखल्याचा पत्रव्यवहार मागून चालू राहील.

वाचनाच्या बरोबरीने जी दुसरी गोष्ट शाळा उघडण्यापूर्वीच झाली पाहिजे, ती म्हणजे शाळेची जागा सुरक्षित आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. वळवाच्या वाऱ्यात कौले सरकलेली असतात, पत्र्यांचे हूक निसटलेले असतात, भिंतीत ओल उतरून विजेच्या बोर्डाला हात लावला तर झिणझिण्या येतात. टाकी दीड महिना साचलेल्या पाण्याची असते, किचन शेडमध्ये सापाने घर केलेले असते आणि उरलेल्या तांदळात सोंडकिडे झालेले असतात. पहिली ते पाचवीसाठी मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य हा हिशेब सर्वांना पाठ असतो, पण जूनच्या पहिल्या दिवशी शिजवायचे ते धान्य खाण्याजोगे आहे का, हे पोते उघडून हात घातल्याशिवाय कळत नाही. तांदूळ पाखडून, उन्हात घालून निभणार असेल तर तसे करावे, नसेल तर लेखी कळवून बदलून घ्यावा आणि शिजलेले अन्न मुलांच्या आधी स्वतः चाखावे. चव नोंदवहीत महिनाभराच्या सह्या एका बैठकीत करण्याची पद्धत सर्रास आहे, ती बंद झाली पाहिजे.

डोंगराच्या कुशीतील शाळांनी आणखी एक पाहावे. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली. त्या रात्रीनंतर शाळेमागची उतरण आणि मुलांच्या वाटेवरचा ओढा या गोष्टी मुख्याध्यापकाच्या कामाबाहेरच्या राहिलेल्या नाहीत. ओढ्याला पाणी चढले तर पलीकडच्या वस्तीवरची मुले कोणाच्या घरी थांबणार, हे पालकांशी जूनमध्येच ठरवून ठेवलेले असावे. हे कोणत्याही पोर्टलवर विचारले जात नाही.

सुरक्षेची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेने राज्य हादरले आणि २१ ऑगस्टला शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, विद्यार्थी सुरक्षा समिती यांविषयीचा निर्णय काढला. मुलांना शाळेत सुरक्षित वातावरण मिळावे यासाठीच्या सखी सावित्री समितीचा आदेश त्याही आधीचा, २०२२ मधला आहे. आज बहुतेक शाळांत समितीचा फलक आहे आणि पेटीही आहे. पेटी मात्र अनेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर टांगलेली दिसते, जिथे कोणतेही मूल चिठ्ठी टाकायला धजणार नाही. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारले तर शोधाशोध सुरू होते. शिवाय २०१२च्या पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे असा गुन्हा घडल्याचे समजल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून प्रकरण गावातच मिटवू पाहणाऱ्या किती मुख्याध्यापकांना हे कलम माहीत आहे? वर्षारंभीच्या पहिल्या शिक्षण परिषदेत योगासनांच्या नियोजनाआधी या विषयाला एक तास द्यावा.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल थोडक्यात. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला, ही रचना कायद्यानेच ठरवून दिली आहे. २०२४-२५ मध्ये राज्याने गणवेश एकाच ठिकाणाहून द्यायचे ठरवले, अनेक शाळांत ते वेळेवर पोहोचले नाहीत आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो अधिकार पुन्हा समित्यांकडे आला. गावातल्या आयांना आपल्या मुलांचे माप कळते, हे त्यातून सिद्ध झाले. पण समितीच्या हाती पैसा केव्हा येतो, तेही पाहा. समग्र शिक्षा योजनेतून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान असते आणि त्यातील दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. ही रक्कम वर्षाच्या उत्तरार्धात, कधी कधी मार्चच्या घाईत जमा होते. कौले बसवायची जूनमध्ये, टाकी धुवायची जूनमध्ये, खडू आणि झाडू आणायचे जूनमध्ये. तोपर्यंत मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून भागवतो आणि पुढे पावत्या जुळवत बसतो. निम्मी रक्कम शाळा उघडण्याआधी मिळाली, तर त्या दहा हजारांची किंमत दुप्पट होईल.

शिक्षकांच्या मनःस्थितीचाही विचार मुख्याध्यापकाला यंदा करावा लागणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाप्रमाणे, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. वीस-बावीस वर्षे शिकवलेली माणसे रात्री दिव्याखाली अभ्यासाला बसली आहेत. निकालावर मतभेद असू शकतात, पण मुख्याध्यापकाने या धास्तीची थट्टा करू नये आणि तिच्यापायी वर्गही ओस पडू देऊ नयेत. दुसरीकडे २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झालेला नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वर सरकत आहे. नवी पुस्तके हातात पडल्यावर ती सर्व शिक्षकांनी एकत्र बसून एकदा चाळावीत, एवढी सवड तरी शाळेला मिळायला हवी. पाठ्यपुस्तके पहिल्या दिवशी मुलांच्या हातात पडतात, याचे श्रेय मात्र मोकळेपणाने दिले पाहिजे. राज्यभर हे घडवणे सोपे नाही.

या वर्षाला आणखी एक अडचण आहे. जनगणनेच्या घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात आणि प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामे शिक्षकांना देता येतात, हे कायद्यातच लिहिलेले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही कामे येणार हे वर्षभर आधीपासून ठाऊक असताना शाळेचे वर्ष नेहमीच्याच मापाने आखणे शहाणपणाचे नाही. फेब्रुवारीत गणना, त्याच सुमारास बोर्डाच्या परीक्षा, मग वार्षिक मूल्यमापन. म्हणजे शांतपणे शिकवण्याचा काळ उरतो तो जून ते दिवाळी. त्यातला पहिला महिना लिंका भरण्यात घालवणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळायला नेण्यासारखे आहे.

शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षकांच्या शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करून दिली. ती उपयोगाची आहे, तथापि एखादे काम शैक्षणिक ठरवले म्हणून त्याला लागणारा वेळ कमी होत नाही. त्यापेक्षा २०२५ मध्ये शाळेतील अनेक समित्या एकत्र करून त्यांची संख्या घटवली, तो निर्णय मला अधिक आवडला. समित्या घटू शकतात तर तक्तेही घटू शकतात. यू-डायस प्लसवर जी माहिती आधीच भरलेली आहे, ती जिल्हा परिषदेने, पंचायत समितीने आणि केंद्राने पुन्हा एक्सेलमध्ये मागू नये. वरच्या कार्यालयाने तिथूनच उतरवून घ्यावी. वर्षभरात कोणती माहिती कोणत्या महिन्यात लागणार, याचे एकच वेळापत्रक मे महिन्यात प्रसिद्ध व्हावे आणि त्याबाहेरची माहिती मागायची झाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी मंजुरी लागावी. केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरावीत, आणि जे आहेत त्यांना जूनमध्ये अहवाल गोळा करायला न लावता शाळाशाळांवर पाठवावे. केंद्रप्रमुखाने दुसरीच्या वर्गात तासभर बसून दोन मुलांचे वाचन ऐकले, तर मुख्याध्यापकाला खरी मदत होते.

हे सारे विभागाच्या माथी मारून मुख्याध्यापकांना मोकळे सोडण्याचा माझा हेतू नाही. कागदाचा आडोसा करणारेही आमच्यात आहेत. ‘माहिती भरतोय’ या दोन शब्दांत दिवसच्या दिवस वर्गाबाहेर घालवता येतो आणि कोणी जाब विचारत नाही. सहकारी शिक्षक रोज उशिरा येतो, हे दिसत असूनही वाईटपणा नको म्हणून गप्प बसणारे आहेत. ज्या मोठ्या शाळांत लिपिक, पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापक असा सगळा सरंजाम आहे, तिथल्या मुख्याध्यापकांना तर वेळेची सबब सांगताच येणार नाही. त्यांनी आठवड्यातून निदान एक तास स्वतः शिकवावा. कोणत्या वर्गात किती मुले वाचू शकत नाहीत, हे आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तोंडपाठ सांगता येते का, हे पालकांनीही पहिल्या पालकसभेत विचारून पाहावे. तक्ता काढून दाखवला तर पुन्हा विचारावे.

वेळापत्रक, अनुदान, आधार शिबिरे यांना थोडा काळ लागेल, हे मी समजू शकतो. परंतु एका गोष्टीला पैसा लागत नाही, की मंत्रिमंडळाची मंजुरीही लागत नाही. मुलांची सुरक्षा, पोषण आहार आणि आपत्ती हे तीन विषय सोडून १५ जुलैपर्यंत कोणत्याही शाळेला नवा उपक्रम, नवी लिंक किंवा नवा तक्ता पाठवू नये, असे एक पानाचे परिपत्रक शिक्षण आयुक्तालयाने काढावे आणि जिल्हा परिषदांनी ते आपापल्या तालुक्यांना लागू करावे. शाळा उघडायला आता फार दिवस राहिलेले नाहीत, म्हणून ते याच आठवड्यात निघावे.

आपला नम्र,
एक निवृत्त केंद्रप्रमुख,
पाटण, जि. सातारा